रिकामी गिरणी

आमची गिरणी सोमवारी बंद असायची. सोमवार महादेवाचा, म्हणून सासऱ्यांच्या वेळेपासून ही रीत होती. बाकीचे सगळे दिवस पट्टा फिरायचा आणि त्याच्याबरोबर आमचं घरही. गिरणी पुढे, घर मागे, मध्ये एक दार. फळीवरची भांडी एकमेकांना लागून वाजत राहायची आणि तांब्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत राहायची.

नवरा मला मारायचा तो गिरणीत. घरात नाही, अंगणात नाही. राग आला की दंडाला धरून मधल्या दारातून पुढे न्यायचा, दुकानाचं दार ओढून घ्यायचा, बटण दाबायचा आणि मोटर पुरती जोरात आली की हात उचलायचा. दगडात धान्य असो वा नसो. गल्लीला ऐकू जाऊ नये एवढीच त्याची काळजी. मी ओरडायचे. तोंड उघडलेलं मला कळायचं, घसा फाटल्यासारखा दुखायचा, पण माझा आवाज मलाच यायचा नाही. तोंडावर पीठ उडालेलं असायचं. त्यात रक्त मिसळलं की त्याचा चिकट लगदा व्हायचा आणि तो केसांतून सुटता सुटत नसे.

कारण काहीही पुरायचं. ज्वारीच्या डब्यात बाजरी सांडली. गिऱ्हाइकाशी बोलताना पदर नीट नव्हता. चहा गार होता. एकदा तर मोजणीचं माप उपडं ठेवलं होतं म्हणून त्याच मापानं मारलं.

सोमवारी गिरणी बंद, म्हणून सोमवारी मार नव्हता. सासू गल्लीत अभिमानानं सांगायची, "माझं लेकरू लई भाविक हाय. सोमवारी मुंगी सुदिक मारत न्हाई."

एका उन्हाळ्यात त्यानं उजव्या कानाखाली अशी मारली की मी पिठाच्या पेटीवर जाऊन आदळले. कानातून आधी रक्त आलं, मग दोन-चार दिवसांनी पाणी यायला लागलं. मान धरून बसले तेव्हा परळीला दवाखान्यात नेलं. सासूनं डॉक्टरांना सांगितलं, म्हशीनं शिंग मारलं. डॉक्टरांनी कानात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हशीला सांगा, उजव्या कानाचा पडदा गेलाय. डाव्यालाही धक्का बसलेला आहे. तिथं आणखी एक लागलं तर या बाईला काहीच ऐकू येणार नाही."

परतीच्या जीपमध्ये सासू पुढच्या सीटवरच्या लेकाला म्हणाली, "बाबा, डाव्या बाजूला हात नको लावू. गिऱ्हाइकाचं ऐकाया लागतंय तिला."

त्या दिवसापासून मला एकच काळजी लागली, डाव्या कानाची. बाकी अंगाचं काय व्हायचं ते होवो. त्यानं दंडाला धरलं की मी डावा कान खांद्यात दाबून घ्यायचे आणि उजवी बाजू पुढे करायचे. काही दिवस त्याच्या ध्यानात राहिलं. पण रागातल्या माणसाला डावं-उजवं कुठलं आलंय. दोनदा त्याचा हात कानाला चाटून गेला, आणि दोन्ही वेळा मी नंतर माजघरात बसून बोटांनी चुटकी वाजवून बघितली, ऐकू येते का.

उजवा कान बहिरा झाला, पण गप्प झाला नाही. त्यात एक आवाज शिरून बसला. लांब कुठेतरी, विहिरीच्या तळाशी काहीतरी फिरतंय, असा. गिरणी बंद असली तरी तो चालूच. मी एकदा सासूला सांगितलं तर ती म्हणाली, "काय न्हाई त्यात. कावून उगं मनात आणायलीस?" पुन्हा मी कुणाला सांगितलं नाही.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि घरात जाऊ आली. माजलगावची, बारावी झालेली, तोंडानं फटकळ. तिच्या भावानं एसटीडी बूथ मोडून तिथं नेट कॅफे काढला होता. आमचा दीर लग्नाची व्हिडिओ शूटिंग करायचा. त्यानं माडीवरच्या खोलीत कॉम्प्युटर आणून ठेवला होता. कॅसेटमध्ये फुलं, बदाम आणि गाणी भरायचं काम जाऊच त्याच्यावर करायची.

आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर पदर ढळू देत नाही आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. त्यानंही तिला हात लावायचा नाही, अंगाला अंग लागलं तर पाप. त्यामुळे ती माझ्या नवऱ्याशी भिंतीमार्फत बोलायची. भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "कुणीतरी सांगा, च्या झालाय." नवरा त्याच भिंतीला सांगायचा, "ठेव म्हनावं." मग ती आत येऊन मला म्हणायची, "आक्का, त्या भिताडाला एक कप देऊ का? बिचारं किती बोलतंय."

आल्यावर थोड्याच दिवसांत तिनं मला विचारलं, "तुमी मान अशी वाकडी करून कावून बोलता हो? कोंबडीवानी?"

मी सांगितलं, एक कान गेलाय. कशानं ते तिनं विचारलं नाही. ती या घरात राहत होती, गिरणी कधी आणि कशी सुरू होते ते बघत होती. पण कानातल्या आवाजाचं सांगितल्यावर मात्र तिनं हातातलं काम ठेवलं. "कसा हाय? करून दाखवा."

मी लाजले. मला माणसांसमोर साधं बोलता येत नाही, आवाज काय काढून दाखवणार. तोंडानं घुं घुं केलं आणि ते तसं नव्हतंच. ती म्हणाली, "चला वर."

कॉम्प्युटरवर आवाज दिसतो हे मला त्या दिवशी कळलं. तिनं शूटिंगचा माईक माझ्यासमोर धरला आणि बोला म्हणाली. मी बोलले नाही, हातातल्या बांगडीनं लोखंडी खुर्चीवर ठोकलं. पडद्यावर एक काटा उभा राहिला. पुन्हा ठोकलं, दुसरा काटा. मग तिनं तो आवाज लांबवला, ओढून ओढून इतका लांबवला की बांगडी राहिली नाही, देवळातल्या घंटेच्या पोटात डोकं घातल्यासारखं वाटलं. हेडफोन डाव्या कानाला लावून मी ते ऐकत बसले. माझ्या हातून झालेली गोष्ट एवढी मोठी असू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

तिथून आमचा तो उद्योगच झाला. दीर शूटिंगला बाहेरगावी गेला की आम्ही वर. मी चौथी शिकलेली, इंग्रजी अक्षर येत नाही, म्हणून बटणं जागेवरून ओळखायची. कात्रीचं चित्र म्हणजे कापणं, त्याच्या शेजारचं म्हणजे चिकटवणं, खालचं ओढलं की आवाज मंद. मी सूप पाखडताना भरलं, केरसुणी भरली, घागरीत पाणी पडताना भरलं. सोमवारी मी गिरणीचे दगड उघडून त्यांना टाकी लावायचे, म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडावर धारेच्या हातोडीनं पुन्हा खाचा पाडायच्या. त्याचं टक टक टक भरलं. एकावर एक आवाज चढवायचे, लांबवायचे, त्याची धार घालवायची. मी कानातला आवाज शोधत होते. तो मिळाला की हेडफोन कुणाच्याही कानाला लावून म्हणता आलं असतं, हे ऐका, हे आहे, मनाचं नाही.

तो मिळत नव्हता, पण वाटेत दुसरंच काही तयार होत गेलं. जाऊ माहेरी जाताना ते सीडीवर घेऊन गेली आणि भावाच्या कॅफेतून एका साइटवर चढवून आली. तिथं म्हणे जगभरातली माणसं घरी बसून असले आवाज करतात. गाणं नाही, ताल नाही, नुसतं भोवती भरून राहणारं. त्याला अँबियंट म्हणतात. नाव टाकायला मी नको म्हणाले. तिनं नुसतं गावाचं नाव टाकलं.

"कोण ऐकणार?" मी म्हणाले.

"तुमाला काय करायचंय? बहिरं तर बहिरं ऐकंल."

एका बाजाराच्या आदल्या दिवशी मी दळताना गिरणी कशी वाजते ते भरायचं ठरवलं. माईक पेटीमागच्या खिळ्याला अडकवला, त्याची वायर दिराच्या छोट्या रेकॉर्डरला लावून तो पोत्याच्या आड ठेवला आणि चालू केला. धान्य ओतणार तेवढ्यात नवरा आत आला. एका गिऱ्हाइकानं त्याला रस्त्यात सांगितलं होतं की कालचं पीठ जाड आलं. त्यानं दार ओढलं, बटण दाबलं.

त्या दिवशी त्यानं पट्ट्याचा तुटका तुकडा वापरला. मी डावा कान खांद्यात दाबून पोत्यावर पडून राहिले. पाठ उघडी पडली होती आणि पट्टा सांधायची लोखंडी खिळपट्टी पाठीत घुसत होती. गिरणी रिकामी फिरत होती, दगड दगडावर घासत होता. जळक्या दगडाचा वास आला तेव्हा त्यानं ती बंद केली. हात झटकले आणि चहा टाक म्हणून सांगितलं.

रेकॉर्डर चालूच होता हे दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं. जावेनं तो कॉम्प्युटरला लावला. पडद्यावर काटे नव्हते, वरून खालपर्यंत नुसता काळा पट्टा, कुठे फट नाही. आम्ही दोघी हेडफोनचं एकेक टोक कानाला लावून बसलो.

"तुमी वरडत नव्हता का?" तिनं विचारलं.

"वरडत होते."

"तुमचा आवाजच न्हाई ह्यात."

तिनं तो मागेपुढे केला, कापला, मोठा केला. मी कुठेच नव्हते. ती उठली आणि भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. तिचा नवरा आल्यावर तिनं त्याला सांगितलं. दीर म्हणाला, "दादासमोर कोन बोलनार? आन् वयनी तरी कुठं काय म्हनतात?" तेही खरं होतं. मी काहीच म्हणत नव्हते.

पण मला माझा आवाज त्यातून बाहेर काढायचा होता. रोज थोडा वेळ मी त्या काळ्या पट्ट्याशी झटायचे. तो मंद करायचे, आणखी मंद करायचे. शेवटी एवढा मंद केला की दगडाचं किंचाळणं खाली खाली गेलं आणि विहिरीच्या तळाशी काहीतरी फिरतंय असा आवाज आला. मी हेडफोन काढला. आवाज तसाच होता. पुन्हा लावला. डाव्या कानात बाहेरून आणि उजव्या कानात आतून, एकच.

जावेला बोलावलं. तिनं बराच वेळ ऐकलं आणि तिचे डोळे भरले. "हे दिसभर वाजतंय तुमच्यात?"

सुरुवातीला थोडी गिरणी होती तशीच, मग ती हळूहळू खाली जात कानातला आवाज होते, असं आम्ही ते बसवलं. जावेनं माहेरी जाऊन चढवलं. महिन्याभरानं तिच्या भावानं उत्तरांचे कागद छापून पाठवले. जाऊ ते अडखळत वाचून मराठीत सांगत होती. "एक बाई लिहिती, हे लावलं की तिचं तान्हं लेकरू गपकन झोपतंय." मी हसायला लागले. पाठीवरचे वण ताणले तरी थांबता येईना. जाऊ म्हणाली, "लेकरू झोपंना का, आक्का. तुमच्या मारावर कुनाला तर झोप लागली."

त्या आठवड्यात दिरानं लग्नाच्या वरातीसाठी मोठे स्पीकर आणून माडीवर ठेवले होते. सोमवार होता. दीर बाहेर, सासू आणि नवरा महादेवाच्या देवळात. मी गिरणीत दगड उघडून टाकी लावत बसले होते. जाऊ वरून ओरडली, "आक्का, एकदा मोठ्यानं ऐकायचं का? आपलंच हाय."

मी हो म्हणाले. मलाही ऐकायचं होतं.

तिनं लावलं आणि रिकाम्या गिरणीची किंकाळी माडीच्या खिडकीतून गल्लीत पडली. पाच-सहा श्वास झाले असतील. समोरच्या घरातली म्हातारी, जिचं दळण मी वर्षानुवर्षं दळत आले, काठी टेकत दारात आली. तिच्यामागे शेजारची सून, पलीकडची कासारीण. मी गिरणीच्या दारात उघडा दगड समोर घेऊन बसलेली. म्हातारी माझ्याकडे बघून गोंधळली, माडीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. आणि मोठ्यानं म्हणाली, "बाई गं! आता सोमवारी बी मारायला लागला का तुला?"

मला आधी कळलंच नाही.

"तुमाला काय ठावं?" मी विचारलं.

"काय ठावं म्हंजी? दाना असला की गिरन वेगळी वाजती, रिकामी असली की वेगळी. लेकरांला बी कळतंय. आन् दुसऱ्या दिशी पिठात कच लागती की. तवा तर आमी पयलं दळन देत न्हाई तुझ्याकडं."

खरंच देत नसत. कुणी ना कुणी म्हणायचं, आधी तुमचं दळून घ्या, आमी थांबतो. मला वाटायचं, मान देतात. दगड दगडावर घासून पडलेली बारीक खर आमच्याच भाकरीत जावी म्हणून थांबायच्या त्या. माझ्या माराची कचकच आख्ख्या गल्लीच्या दाताखाली आली होती आणि एकीनंही मला विचारलं नव्हतं. हातोडी हातात तशीच होती. मला नवऱ्यापेक्षा त्या बायकांचाच जास्त राग आला.

नवरा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. हातात बेलाची परडी. त्यानं सगळं ऐकलं होतं. इतकी वर्षं ज्या आवाजाआड तो लपला होता, तो आवाजच त्याची चुगली करत होता, हे त्याला तेव्हा कळलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग तो धावत माडीवर गेला.

वरून फुटण्याचा आवाज आला. आधी स्पीकर, मग कॉम्प्युटर. तो पहारेनं ते फोडत होता. काचा जिन्यावरून खाली आल्या. आवाज बंद झाला. जाऊ किंचाळत खाली पळत आली, तिच्यामागे तो. बटण दाबायला त्या दिवशी सोयच नव्हती, दगड उघडे होते. दारही उघडं होतं आणि दारात बायका.

जाऊ माझ्यासमोर आडवी उभी राहिली. डोक्यावर पदर नाही, केस सुटलेले. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्या तोंडाकडे बघून बोलली. "मारा! मला मारा आधी! लावा हात!"

तो थबकला. तिला हात लावता येईना. आधी डावीकडून आला, ती तिकडे सरकली. उजवीकडून आला, ती तिकडे. चारचौघांत तो लंगडी खेळल्यासारखा दिसायला लागला आणि दारातली एक पोरगी फिसकन हसली. ते हसू त्याला सहन झालं नाही. तो पेटीवरून उडी मारून माझ्या मागे आला, माझे केस मुठीत धरून मान मागे ओढली. डावा कान उघडा पडला. खांद्यात दाबायला मान हलेना. त्याचा उजवा हात वर गेलेला मला दिसला.

मी हात आडवा केला. त्या हातात टाकीची हातोडी होती, धार वर.

पुढे सगळ्यांना मी असंच सांगितलं, हात आडवा केला, हातोडी होती. ते खोटं नाही. पण हातोडी मला टाकता आली असती. मी ती घट्ट धरली आणि वर, त्याच्या हाताच्या दिशेनं, मारली. लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. मी तो डाव्या कानानं स्वच्छ ऐकला. त्याची दोन बोटं मुळापासून वाकडी झाली, तळवा फाटला आणि दगडावरच्या ताज्या खाचांमधून रक्त रेघारेघांनी पसरलं. तो खाली बसला. एवढा मोठा माणूस, आईला हाक मारायला लागला.

सासू देवळातून आली तेव्हा बायका हलल्या नव्हत्या. तिनं लेकाचा हात बघितला, माझ्याकडे बघितलं आणि मला शिव्या घालायला तोंड उघडलं. समोरची म्हातारी म्हणाली, "गप ए. जीप बोलव आधी." एवढंच. ती मला धीर द्यायला आत आली नाही, मीही तिच्याकडे गेले नाही. तिचं दळण आजही मी दळते, पण तिच्याशी मोजकंच बोलते.

हात नीट जुळला नाही. त्याची ती दोन बोटं ताठ राहिली, मूठ वळत नाही. त्यानंतर त्यानं मला मारलंच नाही असं नाही. एकदा लाथ घातली, एकदा डाव्या हातानं पाठीत. पण गिरणी रिकामी सुरू केली नाही आणि कानाकडे हात आला नाही. पुढे पुढे तेही थांबलं. तो सुधारला की भ्याला, हे मी तपासत बसले नाही. दिरानं मात्र मोडका कॉम्प्युटर बघून पहिल्यांदा थोरल्या भावाला शिवी दिली. माझ्यासाठी जे तोंड उघडलं नव्हतं ते यंत्रासाठी उघडलं. नंतर त्यानं दुसरा आणला आणि मी पुन्हा वर जायला लागले.

एक गोष्ट मी जावेलाही सांगितलेली नाही. इतकी वर्षं मी बहिरा कान उशीवर टेकून, उजव्या कुशीवर झोपायचे, म्हणजे ऐकणारा कान वर राहील आणि नवऱ्याची पावलं कळतील. तो हात गळ्यात बांधून ओसरीवर पडलेला असताना, एका दुपारी, मी कूस बदलली. चांगला कान उशीत दाबला. बाहेरचं सगळं गेलं. गल्ली गेली, भांडी गेली, तोही गेला. आतलं तेवढं फिरत राहिलं. मला भीती वाटली, म्हणून डोळे उघडे ठेवून दाराकडे बघत पडून राहिले. दारात कुणी आलं नाही. मग कधीतरी डोळा लागला.